एका ‘ऱ’साठी

शब्दांच्या एका लांबलचक यादीत मला ‘दर्याखोर्यांत’ असा शब्द सापडला. मराठी शुद्धलेखन तपासणाऱ्या एका मुक्त प्रकल्पाची ती यादी. कुणीही उघडून वाचावी, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी, अशी. दर्या म्हणजे समुद्र, आणि दरीचं अनेकवचन दऱ्या. आचार्यांना बोलवायचं की आचाऱ्यांना, हे ठरवणारा तोच हा ‘ऱ’. एका शब्दातले दोन ‘र’ बदलायचे होते, एवढंच काम. पण त्याआधी संगणकावर जी तयारी करावी लागते तिच्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. त्या तयारीची एकेक पायरी अशी निघाली की मी पुनःपुन्हा थांबून नुसता पाहत राहिलो.

असे प्रकल्प ज्या सॉफ्टवेअरवर चालतात त्याचं नाव गिट. त्याचं काम नोंदी ठेवण्याचं: कुठल्या फायलीतली कुठली ओळ कुणी, कधी आणि कशासाठी बदलली. ऐकायला हे कारकुनी काम वाटतं. पण अशी नोंद नसली तर काय करावं लागतं, हे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला विचारावं. महाभारताची चिकित्सक आवृत्ती तिथे १९१९ साली हाती घेतली गेली आणि १९६६ साली पुरी झाली. हजाराहून अधिक पोथ्या जमवून पंडितांनी ओळ न् ओळ ताडून पाहिली. हा श्लोक कोणत्या पोथीत आहे, कोणत्या पोथीत नाही, कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरवलेली दिसते? शतकानुशतकं लेखनिकांनी केलेले बदल समोर होते, पण बदलांची वही नव्हती. ती उलट्या दिशेनं, तर्क लढवत, नव्यानं लिहावी लागली. गिट ही वही बदल होत असतानाच लिहीत जातं.

गिट जन्मलं तेही अडचणीतून. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकीत विद्यार्थी असताना लिनक्स ही संगणकप्रणाली लिहायला घेतली. पहिली दहाएक वर्षं जगभरातून येणारे बदल ते ईमेलमधून घेत आणि एकेक करून मूळ कोडमध्ये मिसळत. २००२ पासून त्यासाठी बिटकीपर नावाचं एका कंपनीच्या मालकीचं सॉफ्टवेअर वापरात आलं. २००५ च्या एप्रिलमध्ये त्याचा फुकट परवाना बंद झाला. हजारो लोकांचं काम आता कशावर चालणार? टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिलला स्वतःच नवं साधन लिहायला सुरुवात केली. ७ एप्रिलला त्या साधनानं पहिली नोंद केली ती स्वतःच्याच जन्माची: हजार-बाराशे ओळींचा कोड, अकरा फायली. त्याच वर्षी जूनमध्ये लिनक्सची २.६.१२ ही आवृत्ती गिटवर सांभाळून बाहेर पडली, आणि जुलैत टोरवाल्ड्स यांनी गिटची जबाबदारी जुनिओ हमानो यांच्याकडे दिली. वीस वर्षं उलटून गेली. जगातलं बहुतेक सॉफ्टवेअर आज या वहीत लिहिलं जातं.

गिट संगणकावर बसवणं हा सगळ्यात सोपा भाग, त्यावर शब्द खर्च करत नाही. लिनक्सवर एक आज्ञा पुरते, मॅकवर ॲपलच्या विकासकांसाठीच्या साधनांबरोबर ते येतं, विंडोजसाठी ‘गिट फॉर विंडोज’ उतरवून घ्यावं लागतं. खरी गंमत त्यानंतर सुरू होते. कारण नुसतं बसवून तुम्ही पहिली नोंद करायला गेलात, म्हणजे प्रोग्रॅमरांच्या भाषेत पहिला कमिट करायला गेलात, तर गिट अडतं आणि एक विनंती करतं: आपण कोण आहात, ते कृपया सांगा.

मी त्या ओळीकडे बराच वेळ पाहत होतो. बँकेचं यंत्र पिन विचारतं, रेल्वेत तिकीट तपासणारा ओळखपत्र विचारतो. इथे नाव विचारलं जातं, कारण ते लिहून ठेवायचं आहे. जुन्या पोथीच्या शेवटी लेखनिक आपलं नाव, गाव आणि तिथी लिहून ठेवत असे, त्याला पुष्पिका म्हणतात. गिट प्रत्येक बदलाखाली अशी पुष्पिका मागतं. ‘युजर डॉट नेम’ आणि ‘युजर डॉट ईमेल’ अशा दोन सेटिंग्ज एकदाच भरायच्या. तुमच्या होम फोल्डरमधल्या एका छोट्या फायलीत त्या बसतात आणि पुढे तुमच्या हातून होणाऱ्या प्रत्येक कमिटला आपोआप चिकटतात. नाव देवनागरीत लिहिलं तरी चालतं. मी देवनागरीतच लिहिलं.

ईमेलच्या बाबतीत मात्र आधीच विचार करावा. कमिट एकदा प्रकल्पात गेला की तो पत्ता प्रकल्पाच्या प्रत्येक प्रतीत जातो, आणि अशा प्रती जगभर असतात. मागाहून तो पुसणं जवळजवळ अशक्य. म्हणून प्रकल्प ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर बहुधा खरा पत्ता झाकणारा पर्यायी ईमेल मिळतो. तो घ्यायचा की नाही, हे पहिल्या कमिटच्या आधीच ठरवावं.

काही प्रकल्पांत नावाला आणखी वजन असतं. २००३ साली एका कंपनीनं लिनक्समध्ये आपला कोड चोरून घातल्याचा दावा कोर्टात लावला. त्यानंतर, २००४ पासून, लिनक्सला दिलेल्या प्रत्येक बदलाखाली देणाऱ्यानं सही करायची रीत सुरू झाली: हे काम माझं आहे, किंवा ते इथे द्यायचा मला हक्क आहे, अशी. कमिट करताना एक अक्षर जास्त टाइप केलं की गिट ही ओळ स्वतः लिहितं. लिनक्सच्या कमिटची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली आहे. २००४ नंतरच्या नोंदी उलगडत गेलं की माणसांच्या सह्यांमागून सह्या येत राहतात.

नावाशेजारी वेळ लिहिली जाते, आणि तीही दोन भागांत. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, ग्रीनिचच्या हिशेबानं, किती सेकंद झाले तो आकडा. आणि त्यापुढे लिहिणाऱ्याचं घड्याळ ग्रीनिचच्या किती पुढे किंवा मागे आहे ते. गिटच्या पहिल्या कमिटवर १११२९११९९३ हा आकडा आहे आणि त्याच्यापुढे उणे ०७००. म्हणजे टोरवाल्ड्स यांच्या घड्याळात ७ एप्रिलच्या दुपारचे ३ वाजून १३ मिनिटं १३ सेकंद झाले होते. आपल्याकडे ८ तारखेची पहाट होती, पावणेचार वाजत आले होते. नाशिकमधून केलेल्या कमिटवर अधिक ०५३० उमटतं. काठमांडूतल्या कमिटवर ०५४५. प्रकल्पाचा इतिहास वाचताना हे आकडे ओळीनं दिसतात आणि पृथ्वी फिरताना दिसते: एकीकडे कुणी झोपायच्या आधी काम थांबवतो, दुसरीकडे कुणी सकाळच्या चहाबरोबर ते उचलतो.

यानंतरची सेटिंग मला क्षुल्लक वाटली होती. ओळीचा शेवट कसा करायचा, ते सांगायचं होतं. ओळ संपली की संपली, यात ठरवायचं काय? तर याचं मूळ टेलिप्रिंटरमध्ये आहे. कागदावर ठोकत जाणाऱ्या त्या यंत्राला नवी ओळ सुरू करायची तर दोन हालचाली लागत. छापणारा भाग डावीकडे परत आणायचा, आणि कागद एक ओळ वर सरकवायचा. दोन हालचालींची दोन वेगळी चिन्हं होती. युनिक्स ही प्रणाली रचणाऱ्यांनी एकच चिन्ह पुरेसं मानलं. विंडोजकडे मात्र जुन्या प्रणालींकडून दोन्ही चिन्हांची जोडी आली आणि ती तशीच राहिली. त्यामुळे विंडोजवर यादी उघडून एक शब्द बदलला आणि एडिटरनं सगळ्या ओळींचे शेवट आपल्या पद्धतीनं करून टाकले, तर गिटला हजारो ओळी बदललेल्या दिसतात. प्रकल्प सांभाळणाऱ्याला त्या गर्दीत तुमचा एक शब्द सापडणार कसा? ‘ऑटो-सीआरएलएफ’ नावाची सेटिंग हा घोळ टाळते: विंडोजवर काम करताना दोन चिन्हं, वहीत लिहिताना एक. टेलिप्रिंटरची यंत्रं मोडीत निघून कितीतरी वर्षं झाली, पण त्यांच्या त्या दोन हालचाली अजून आपल्या फायलींत चालू आहेत.

आता किल्ली. गिटनं नाव विचारलं खरं, पण ते खरं आहे का हे तपासलं नाही. तिथे कुणीही कुणाचंही नाव लिहू शकतं. मग दूरच्या सर्व्हरला कसं कळावं की बदल पाठवणारा तोच आहे? इथे एसएसएच येतं, दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे बोलण्याचं साधन. १९९५ साली फिनलंडमध्ये, हेलसिंकी तंत्रविज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पाळत ठेवून पासवर्ड चोरले. तिथले संशोधक टाटू यल्योनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं. लिनक्स ज्या शहरात जन्मलं, त्याच्याच शेजारी हे घडलं. आज गिटची कितीतरी वाहतूक या वाटेनं होते.

टर्मिनलमध्ये किल्ली बनवायची आज्ञा दिली की क्षणभरात दोन फायली तयार होतात. एक खाजगी, जी तुमच्या संगणकाबाहेर कधीच जायची नाही. दुसरी सार्वजनिक, जी तुम्ही खुशाल भिंतीवर लिहा. हल्ली बहुतेक जण ज्या प्रकारची किल्ली बनवतात तिचं नाव एडी२५५१९, आणि त्या नावात एक संख्या दडली आहे: २ चा २५५ वा घात, वजा १९. ही मूळ संख्या आहे, आणि तिच्या भोवती रचलेल्या वक्रावर किल्लीचं सगळं गणित चालतं. संगणक आधी निव्वळ यदृच्छेनं एक प्रचंड संख्या निवडतो, ती खाजगी किल्ली. तिच्यावरून सार्वजनिक किल्ली काढायला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागत नाही. पण सार्वजनिक किल्लीवरून खाजगी किल्लीकडे उलटं जायचं तर आजच्या संगणकांना कुठलीही व्यवहार्य वाट सापडलेली नाही. पाणी उतारावरून सहज वाहावं, चढावर मात्र थेंबही जाऊ नये, असा हा उतार आहे. सर्व्हर तुमची ओळख पटवताना गुपित मागतच नाही. तो तुमच्याकडून ताज्या, त्या भेटीपुरत्या मजकुरावर सही घेतो आणि सार्वजनिक किल्लीनं ती पडताळतो. सही फक्त गुपित जवळ असणाऱ्यालाच करता येते, तपासता कुणालाही येते, आणि ती पाहून गुपित कळत नाही. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी अशा जोडकिल्ल्यांची कल्पना प्रसिद्ध केली, त्याआधी माणसांच्या हजारो वर्षांच्या गुप्तलेखनाच्या इतिहासात ती कुणी उघडपणे मांडलेली नव्हती.

किल्ली बनली आणि पडद्यावर एक चौकट उमटली. आत ठिपके, बेरजेची चिन्हं, तारे, ‘ओ’ अशी नक्षी. मला ती आधी बिघाड वाटली. ती किल्लीच्या ठशाचं, म्हणजे तिच्यावरून काढलेल्या ओळखीच्या आकड्याचं, चित्र होती. दोन लांबलचक आकडे ताडून पाहणं माणसाच्या डोळ्यांना जमत नाही, पण दोन रांगोळ्या वेगळ्या असल्या तर चटकन कळतं, म्हणून ही सोय केलेली आहे. सतरा रुंद आणि नऊ उंच अशा पटाच्या मधोमध एक उंट ठेवायचा. बुद्धिबळातला उंट, तिरकाच चालणारा. ठशातले बिट दोन-दोन करून वाचायचे आणि प्रत्येक जोडीगणिक उंट चारांपैकी एका तिरक्या दिशेनं एक घर सरकवायचा. ठसा २५६ बिटांचा, म्हणजे उंटाच्या १२८ चाली. ज्या घरात तो जितक्या वेळा गेला, त्याप्रमाणे तिथे चिन्ह बसतं. सुरुवातीच्या घरात ‘एस’, शेवटच्या घरात ‘ई’. ज्यांनी ही रीत अभ्यासली त्यांनी तिला झिंगलेल्या उंटाचं नाव दिलं आहे. माझ्या उंटानं डाव्या कोपऱ्यात बरीच वर्दळ केली होती. ती रांगोळी मी वहीत उतरवून ठेवली.

सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर नोंदवली आणि प्रकल्प क्लोन केला. क्लोन या शब्दाला इथे पुरेपूर अर्थ आहे. यादीची आजची प्रत तर येतेच, शिवाय तिचा सगळा भूतकाळ येतो: पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक कमिट, प्रत्येक चूक, प्रत्येक दुरुस्ती. मूळ सर्व्हर उद्या जळून खाक झाला तरी माझ्या संगणकावरून प्रकल्पाचा इतिहास पुन्हा उभा करता येईल. माझ्यासारखे जितके जण, तितक्या वह्या.

पण इतक्या वह्या झाल्या तर त्या एकच आहेत हे कशावरून? कुणी मधल्या एखाद्या पानावर खाडाखोड केली तर?

गिटचं मन इथे कळतं. गिटमध्ये कोणत्याही गोष्टीला नाव द्यायची रीत म्हणजे तिचा मजकूर एका गणिती सूत्रातून पिळून काढायचा. सूत्राचं नाव शा-१. कितीही मोठा मजकूर घाला, बाहेर येतो चाळीस अंकांचा एक आकडा. यातले अंक सोळाच्या पद्धतीचे, म्हणजे शून्य ते नऊ आणि पुढे इंग्रजीतली ए ते एफ ही सहा अक्षरं. या आकड्याला हॅश म्हणतात. तोच मजकूर दिला की तोच हॅश, कुठेही आणि केव्हाही. रिकामी फाइल घ्या, जिच्यात एकही अक्षर नाही. तिचा गिटमधला हॅश ‘ई६९डीई२९’ असा सुरू होतो. सांगलीत तोच, टोकियोत तोच, तुमच्याकडे तोच. कुणी कुणाला विचारलेलं नाही, कुठे मध्यवर्ती कचेरीत नोंदणी नाही, तरी जगातल्या प्रत्येक गिटमध्ये शून्याचं नाव एकच आहे. आणि मजकुरातला एक स्वल्पविराम जरी हलवला, तरी हॅश ओळखू येणार नाही इतका बदलतो.

असे एकूण हॅश किती होऊ शकतात? २ चा १६० वा घात, म्हणजे ४९ अंकी संख्या. आपल्या जुन्या गणनेत एकं, दहं, शतं करत शेवटी परार्ध येतो, एकावर सतरा शून्यं. परार्धाला परार्धानं गुणलं तरी ३५ अंकच होतात. दोन वेगळ्या फायलींचा हॅश चुकून एकच निघावा, ही शक्यता या अवाढव्य मैदानात हरवून जाते. ठरवून मात्र असं करता आलं आहे. २०१७ साली ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेतल्या आणि गूगलच्या संशोधकांनी प्रचंड गणनाशक्ती ओतून एकच शा-१ हॅश असलेल्या दोन वेगळ्या फायली बनवून दाखवल्या. गिटनं त्यानंतर अशी बनवाबनवी ओळखणारी तपासणी आत घेतली, आणि शा-२५६ या मोठ्या सूत्रावर चालायची सोयही केली. घर राहतं ठेवून पाया बदलायचं हे काम धीरानं चाललेलं आहे.

आता साखळी पाहा. कमिट म्हणजे थोड्याशा ओळींचा मजकूर: सगळ्या फायलींच्या स्थितीचा हॅश, लेखकाचं नाव, वेळ, बदलाचं कारण, आणि आधीच्या कमिटचा हॅश. गिट या आधीच्या कमिटला पालक म्हणतं. या सगळ्याचा मिळून पुन्हा एक हॅश निघतो, तो या कमिटचं नाव. पालकाच्या नावात आजोबांचं नाव मुरलेलं, आजोबांच्या नावात पणजोबांचं. दहा वर्षांपूर्वीच्या एका कमिटमधली एक वेलांटी जरी कुणी गुपचूप बदलली, तरी त्या कमिटचं नाव बदलतं. मग त्याच्या पुढच्याचं, मग त्याच्याही पुढच्याचं, आणि थेट आजच्या कमिटपर्यंत सगळ्यांची नावं पालटतात. म्हणून दोघांनी फोनवर शेवटच्या कमिटचे चाळीस अंक एकमेकांना वाचून दाखवले आणि ते जुळले, तर दोघांकडचा सबंध इतिहास अक्षर न् अक्षर सारखा आहे असं खुशाल समजावं. या रचनेचं मूळ राल्फ मर्कल यांनी १९७९ साली मांडलेल्या हॅशच्या झाडाकडे जातं.

कामाला हात घालण्याआधी शेवटची पायरी म्हणजे ब्रँच, फांदी. मूळ प्रवाहाला धक्का न लावता आपलं काम बाजूला करण्याची जागा. मला वाटलं होतं, फांदी म्हणजे सगळ्या फायलींची आणखी एक प्रत होणार. गिट स्वतःचं सगळं एका लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतं, तिथे जाऊन मी नव्या फांदीची फाइल उघडली. तिच्यात एक हॅश होता, बाकी काही नाही. चाळीस अंक आणि ओळ संपल्याची खूण, मिळून ४१ बाइट. गिटची फांदी म्हणजे एका कमिटकडे दाखवणारं बोट. कमिटला पालक माहीत आहेत, पालकांना त्यांचे पालक, त्यामुळे टोक सांगितलं की सगळं झाड सांगून झालं.

एवढं झाल्यावर मी यादी उघडली आणि शब्द दुरुस्त केला: दऱ्याखोऱ्यांत. मग काय बदललं ते गिटला विचारलं. यादीच्या फायलीचं नाव देवनागरीत होतं, आणि गिटनं ते नाव आकड्यांत दाखवलं, ३४०, २४४ आणि असेच पुढे. झालं असं की युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत बसतं, आणि गिट अनोळखी बाइट आठाच्या पद्धतीत छापतं. नुसता ‘न’ म्हणजे ३४०, २४४, २५०. ‘कोअर डॉट कोटपाथ’ ही सेटिंग बंद केली की नाव मराठीत दिसायला लागतं. देवनागरी नावांच्या फायली असणाऱ्या प्रत्येक प्रकल्पानं ही गोष्ट पहिल्याच पानावर सांगावी, असं मला मनापासून वाटतं. नाहीतर नवा माणूस ते आकडे पाहून आपलंच काही बिघडलं असं समजतो आणि परत फिरतो.

कमिट केला, पुश केला म्हणजे सर्व्हरवर पाठवला, आणि दुरुस्ती घ्या अशी विनंती केली. प्रकल्प सांभाळणाऱ्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. शब्द बरोबर आहे, पण तुमचा ‘ऱ’ आमचा नाही.

मी दोन शब्द शेजारी-शेजारी ठेवले, माझा आणि यादीतला एक जुना. डोळ्यांना काडीचा फरक दिसेना. मग बाइट दाखवणाऱ्या साधनात दोन्ही उघडले आणि चक्रावलो. मराठीतला हा पापणीसारखा वळलेला अर्धा र संगणकात निदान तीन तऱ्हांनी लिहिता येतो. युनिकोडनं ‘ऱ’ला स्वतःचा क्रमांक दिलेला आहे, त्याला हलन्त लावायचा, ही एक तऱ्हा: सहा बाइट. साधा ‘र’, त्याखाली नुक्ता आणि मग हलन्त, ही दुसरी: नऊ बाइट. साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह, ही तिसरी: तीही नऊच बाइट. अक्षर पडद्यावर एकच, वाचणाऱ्याला अर्थ एकच. पण हॅशला डोळे नाहीत, तो बाइट पाहतो. त्याच्या दृष्टीनं ‘दुसऱ्या’ हा एक शब्द नाहीच, २१ बाइटांचा एक आणि २४ बाइटांचे दोन असे तीन शब्द आहेत. मी ज्या कळफलकावर टाइप केलं तो तिसऱ्या तऱ्हेचा ‘ऱ’ देत होता. यादी पहिल्या तऱ्हेची होती. माझी दुरुस्ती तशीच घेतली असती तर दिसायला निर्दोष असलेला, पण शोधल्यावर कधीच न सापडणारा शब्द तिथे जाऊन बसला असता.

मी ‘ऱ’ बदलला आणि कमिट सुधारला. शब्द दिसायला तोच, कारणाची ओळ तीच, नाव तेच. तरीही कमिटचे चाळीस अंक पार बदलून गेले.

या वेळी तो घेतला गेला. चारेक दिवसांनी मी प्रकल्पाच्या ताज्या नोंदी ओढून घेतल्या. माझ्या कमिटच्या वर आणखी एक आला होता, मला अपरिचित अशा नावाचा. वेळेपुढे उणे ०४०० होतं, म्हणजे घड्याळ अटलांटिकच्या पलीकडचं. तिथल्या कुणीतरी ‘किनार्यावर’चा ‘किनाऱ्यावर’ केला होता, सहा बाइटांचाच ‘ऱ’ वापरून. पालक म्हणून खाली माझ्या कमिटचे चाळीस अंक होते.